ट्रेलरवरच्या शिडाच्या बोटीचं खरं वजन: वाचकांचे प्रश्न

ट्रेलरवरून नेण्याच्या छोट्या शिडाच्या बोटींबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी वजनाचेच प्रश्न जास्त होते, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न: माझ्या १९ फुटी बोटीच्या माहितीपत्रकात वजन ६५० किलो दिलंय. ट्रेलर २६० किलोचा आहे, म्हणजे दोन्ही मिळून ९१०. गाडीची ओढण्याची मर्यादा १,२०० किलो. २९० किलोची सवड हाताशी आहे असं धरून चाललं तर हरकत नाही ना?

उत्तर: हरकत आहे. ६५० हा आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो नेमका कशाचा आहे हे पत्रकात क्वचितच लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा ते कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या बोटीचं वजन असतं. त्यात हल (बोटीचं कवच), डेक (वरचा भाग), कील (तळाखालचा पंखा) आणि जागेवर पक्कं बसवलेलं सामान एवढंच येतं. डोलकाठी कुणी त्यात धरतं, कुणी धरत नाही. इंजिन बहुधा धरलेलं नसतंच. शिवाय फायबरग्लासचे थर हाताने बसवलेल्या दोन बोटी एकाच साच्यातल्या असल्या तरी त्यांची वजनं तंतोतंत जुळत नाहीत.

आता तुमच्या बोटीत प्रवासाला निघताना काय काय चढतं ते मोजू. सहा अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण २६ किलो. बारा लिटर पेट्रोल नऊ किलो भरतं (पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आत-बाहेर), टाकीसकट १२ धरा. लेड-ॲसिड बॅटरी २०. सात किलोचा नांगर, ६ मिलिमीटरची दहा मीटर साखळी आणि दोर मिळून १९. डोलकाठी, बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) आणि ताणाच्या तारा ३२. तीन शिडं १६. सुकाणू आणि त्याचा दांडा ९. पिण्याचं पाणी २० लिटर, म्हणजे २० किलो. गाद्या १४, शेगडी-सिलिंडर-भांडी १२. लाइफ जॅकेट, फेंडर, जादा दोर, दिवे वगैरे २२. हत्यारांची पेटी १०. ट्रेलरचं जादा चाक १६. डोलकाठी आडवी टेकवायच्या घोड्या आणि बांधायचे पट्टे १०.

बेरीज २३८ किलो. ९१० मध्ये मिळवली की १,१४८ झाले, आणि अजून कपडे, खाणंपिणं, थंडपेटी यांतलं काहीच धरलेलं नाही. ट्रेलरचे २६० सुद्धा बहुधा साध्या मॉडेलचे असतात. विंच (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायची चकरी), जादा रोलर, ब्रेक, बोट टेकवायच्या लांब फळ्या हे सगळं त्यावर येतं. तुमच्या २९० किलोंतले ५० जेमतेम उरले असतील, किंवा तेही नसतील. यादी करण्याचा फायदा एवढाच की फरक केवढा आहे याचा अंदाज येतो. ती काट्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि 'डिस्प्लेसमेंट' म्हणून छापलेला आकडा म्हणजे बोट तरंगताना जेवढं पाणी बाजूला सारते त्या पाण्याचं वजन. ते बोटीच्या वजनाइतकंच असतं हे खरं, पण बोट कुठल्या अवस्थेत असताना? रिकामी, की माणसं आणि सामान धरून? हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा ओढण्याच्या हिशेबात घेऊ नका.

प्रश्न: मोठ्या गाड्यांच्या वजनकाट्यावर ट्रेलर कसा मोजायचा? मी एकदाच गाडीसकट काट्यावर चढलो आणि २,९४० किलोची पावती घेऊन आलो. आता यातून ट्रेलरचं वजन कसं काढू? गाडीच्या कागदपत्रांतलं वजन वजा केलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. कागदावरचं गाडीचं वजन आणि तुमच्या गाडीचं त्या दिवशीचं वजन यात टाकीतलं इंधन, माणसं आणि डिकीतल्या सामानाचा फरक असतो. तो शंभर-दीडशे किलोंचा सहज होतो. एका पावतीने काम भागत नाही. चार लागतात, आणि त्या एकाच फेरीत, मध्ये इंधन न भरता, तीच माणसं त्याच जागी बसलेली असताना घ्यायच्या.

निघण्याआधी बोट प्रवासाला निघते तशी पूर्ण भरा. टाक्या भरलेल्या, डोलकाठी बांधलेली, इंजिन जिथे ठेवून नेता तिथेच. कॉकपिटमध्ये आणि बोटीच्या तळाशी पावसाचं पाणी साचलेलं असेल तर ते मात्र काढून टाका. काट्यावर चढण्याआधी पडद्यावर शून्य आहे ना, ते स्वतः पाहा. काटेवाल्याला याचा राग येत नाही.

पहिली पावती गाडी आणि ट्रेलर जोडलेले, सगळी चाकं काट्यावर. दुसरी जोडलेल्याच अवस्थेत, पण थोडं मागे-पुढे घेऊन फक्त गाडीची चाकं काट्यावर आणि ट्रेलरची चाकं बाहेर. तिसरी ट्रेलरची चाकं काट्यावर, गाडी बाहेर. मग ट्रेलर बाजूला सोडवून चौथी पावती एकट्या गाडीची. समजा आकडे असे आले: सगळं मिळून २,९४०, जोडलेली गाडी १,८००, ट्रेलरची चाकं १,१४०, एकटी गाडी १,७२०.

ट्रेलरचं एकूण वजन म्हणजे २,९४० वजा १,७२०, १,२२० किलो. ट्रेलरच्या ॲक्सलवर १,१४०. उरलेले ८० किलो ट्रेलरचा दांडा गाडीच्या टो-बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या मागच्या गोळ्यावर) टाकतो. हेच ८० दुसऱ्या वाटेनेही निघतात, १,८०० वजा १,७२०. दोन्ही वाटांनी सारखं उत्तर आलं नाही तर कुठली तरी पावती चुकली आहे. अनेकदा एखादं चाक काट्याच्या कडेवर अर्धं टेकलेलं असतं. पुन्हा मोजा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीत काटा आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी. काटा उंचावलेला असेल आणि बाहेर उतार असेल तर गाडी आणि ट्रेलर टो-बॉलपाशी वाकतात आणि भार इकडचा तिकडे सरकतो. ट्रेलरचा हँडब्रेक सोडलेला ठेवा. चाकं अडकलेली असली तर दांड्यात ताण राहतो आणि आकडा फसवतो.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मोठ्या गाड्यांचे काटे अनेकदा २० किलोच्या टप्प्याने वाचतात. २० किलोच्या टप्प्याचा काटा १,२२० दाखवतो तेव्हा खरं वजन १,२१० ते १,२३० यांमध्ये कुठेही असू शकतं, आणि काट्याला नियमाने मुभा असलेली चूक वेगळीच. बाराशे किलोंत याने फार बिघडत नाही. पण दांड्याचा भार आपण दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून काढतो, आणि तिथे दोन्हीकडच्या चुका एकत्र येतात. ते ८० किलो प्रत्यक्षात ६० असू शकतात किंवा १००. म्हणून दांड्याचा भार काट्यावर नुसता पडताळायचा आणि मोजायचा वेगळा. कसा, ते पुढच्या उत्तरात.

याच कारणाने रिकामा ट्रेलर एकटा अशा काट्यावर तोलू नका. मध्यम अचूकतेच्या काट्याचं किमान वजन त्याच्या टप्प्याच्या वीसपट असतं, म्हणजे २० किलोच्या टप्प्याला ४०० किलो. त्याखालचं वजन तो दाखवेल, पण त्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. रिकाम्या ट्रेलरसाठी ५ किंवा १० किलोच्या टप्प्याचा लहान काटा शोधा. चाकाखाली ठेवायचे सुटे काटे वापरणार असाल तर ज्या चाकाखाली काटा नाही त्याखाली तेवढ्याच जाडीची फळी ठेवा, म्हणजे ट्रेलर कलणार नाही.

प्रश्न: दांड्याचा भार घरी मोजता येतो का? किती असावा? आमच्या गाडीच्या टो-बॉलवर ७५ किलोची मर्यादा लिहिली आहे.

उत्तर: येतो, आणि माणसांचं वजन करायचा साधा काटा त्याला पुरतो.

जमीन सपाट हवी. आधी गाडीत माणसं आणि सामान भरून टो-बॉलची जमिनीपासूनची उंची मोजा. ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मग काट्याच्या जाडीचा हिशेब करून एक भक्कम लाकडी खांब असा कापा की काट्यावर उभा केल्यावर त्याच्या टोकावर टेकलेला कपलर (दांड्याच्या टोकाची, टो-बॉलवर बसणारी वाटी) बरोबर टो-बॉलच्या उंचीवर येईल. खांब कपलरच्या खाली सरळ उभा करा, जॉकी व्हील (दांड्याखालचं लहान आधाराचं चाक) उचला आणि आकडा वाचा. खांबाचं वजन वजा करायला विसरू नका.

चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. एक म्हणजे काटा जॉकी व्हीलखाली ठेवणं. जॉकी व्हील कपलरच्या मागे, ॲक्सलच्या जवळ असतं, त्यामुळे तिथे आकडा जास्त येतो. समजा ॲक्सलपासून कपलर ४.२ मीटर आणि जॉकी व्हील ३.६ मीटरवर आहे, आणि काटा ९३ दाखवतो. खरा भार ९३ गुणिले ३.६ भागिले ४.२, म्हणजे ८० किलो. दुसरी चूक उंचीची. बोटीचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या बराच वर असतो, म्हणून दांडा वर उचलला की तो मागे झुकतो आणि पुढचा भार कमी होतो. बोट आणि ट्रेलरच्या १,२२० किलोच्या जोडीत गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ७० सेंटिमीटर वर असेल तर कपलर नुसता २० सेंटिमीटर उंच धरल्याने आकडा सुमारे दहा किलोंनी घसरतो. कपलर कमरेइतका उंच धरून केलेली मोजणी म्हणूनच टाकून द्यायची.

भार काट्याच्या क्षमतेबाहेर जात असेल तर तरफ करा. एक जाड फळी घ्या, एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर, दोन्ही टोकांखाली पाइपचा लहान तुकडा, म्हणजे टेकण्याची जागा नेमकी राहते. विटेवरचा पाइप आणि काट्यावरचा पाइप यांत १.२ मीटर अंतर ठेवा आणि दांडा विटेपासून ०.४ मीटरवर टेकवा. फळीच्या वजनाचा आकडा आधी लिहून घ्या, तो वजा करून उरलेल्याला तिनाने गुणा.

किती असावा यावर दोन परंपरा आहेत. युरोपात ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के सांगतात, अमेरिकेत सर्वसाधारण ट्रेलरला १० ते १५ आणि बोटीच्या ट्रेलरला बहुधा त्याहून कमी. पण टक्केवारी काहीही म्हणो, टो-बॉल, हुकाची पट्टी, कपलर आणि गाडी या चौघांत ज्याची मर्यादा सर्वांत कमी तीच तुमची मर्यादा. तुमच्या ७५ किलोंत १,२२० किलोच्या ट्रेलरचे सहा टक्के बसतात. मर्यादेच्या जवळ राहिलेलं बरं, कारण भार कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलरचं मागचं टोक डावी-उजवीकडे झुलायला लागतं, आणि एकदा झुलायला लागलेला ट्रेलर चालकाच्या सुकाणूला जुमानत नाही.

भार बदलायचा हिशेब सोपा आहे. हलवलेलं वजन गुणिले हलवलेलं अंतर भागिले ॲक्सल ते कपलर अंतर. ॲक्सलच्या २.८ मीटर मागे लटकणारं २६ किलोचं इंजिन काढून ॲक्सलच्या वर आत ठेवलं की दांड्यावर १७ किलो वाढतात. ९६० किलोची भरलेली बोट ट्रेलरवर पाच सेंटिमीटर पुढे घेतली की ११ किलो. त्यामुळे बोट सरकवण्याआधी सामान सरकवून बघा. बोट सरकवायचीच झाली तर विंचचा खांबही तेवढाच सरकवावा लागतो. शिवाय बोटीची मागची कड ट्रेलरच्या आधाराबाहेर लोंबकळत नाही ना, हे पाहा. इंजिनाचं वजन त्याच कडेवर असतं, आणि आधार नसला की तिथला तळ हळूहळू आत वाकतो.

प्रश्न: जुन्या नोंदणीपत्रावर बोट '२.५ टन' लिहिली आहे. २० फुटी बोट इतकी जड असते?

उत्तर: नसते. नोंदणीतला टन हे वजन नव्हे, आकारमान आहे. एक रजिस्टर टन म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. तो आकडा ओढण्याच्या हिशेबात कुठेच येत नाही. वजनाच्या टनांतही जुन्या ब्रिटिश पत्रकांतला टन १,०१६ किलोंचा असतो आणि अमेरिकी टन ९०७ किलोंचा. पौंडांत दिलं असेल तर ०.४५३६ ने गुणा. कॅटालिना २२ चं वजन अमेरिकी पत्रकांत २,२५० पौंडांच्या आसपास सापडतं, म्हणजे हजार किलोंच्या थोडं वर, आणि त्यात ट्रेलर नाही.

प्रश्न: आमच्या बोटीत पाण्याचं बॅलास्ट (बोट स्थिर ठेवायला तळाच्या टाकीत भरलेलं पाणी) आहे. रॅम्पवर (बोट चढवा-उतरवायच्या उतारावर) टाकी पूर्ण रिकामी व्हायला वेळ लागतो म्हणून अर्धी रिकामी झाली की निघतो. घर जवळच आहे. चालतं का?

उत्तर: चालत नाही. वजन हे एक कारण आहे. मॅकग्रेगर २६एम सारख्या बोटीत पाण्याचं बॅलास्ट सुमारे ५२० किलोंचं असतं, अर्धं म्हणजे २६० किलो फुकट ओढता. त्याहून वाईट म्हणजे अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळतं. ब्रेक दाबला की ते पुढे धावतं आणि दांड्यावर आदळतं, गाडी वेग घेते तेव्हा मागे जाऊन दांडा हलका करतं. पूर्ण भरलेली टाकी निदान एका जागी तरी राहते.

टाकी रिकामी होत नसेल तर आधी हवेची वाट बघा. हवा आत जायचं बूच बंद राहिलं असेल तर पाणी धार धरत नाही, नुसतं गुळगुळ करत बाहेर येतं. झडप मागच्या बाजूला असेल तर ट्रेलर चढणीवरच उभा ठेवा, म्हणजे बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर राहते. सपाट जागी आल्यावर टाकीच्या पुढच्या भागातलं पाणी मागे येत नाही. धार थांबल्यावरही झडप थोडा वेळ उघडी ठेवा, आणि बोट पुन्हा पाण्यात जाण्यापूर्वी बंद करा. हे शेवटचं वाक्य नवख्यांसाठी नाही, अनुभवी लोकांसाठी आहे.

प्रश्न: सगळ्या सामानाची यादी करून एकेक वस्तू तोलली. बेरीज आणि काट्याची पावती यांत ११० किलोंचा फरक येतोय. काटा दुसरीकडे पडताळला, बरोबर आहे. हे ११० किलो आहेत कुठे?

उत्तर: जुन्या बोटीत अशा फरकाचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं, आणि ते दिसेल अशा ठिकाणी नसतं.

पहिली शंका डेकची. डेक म्हणजे अनेकदा फायबरग्लासचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये बाल्सा (अगदी हलकं लाकूड), प्लायवूड किंवा फोम. पाणी शिरतं ते बोल्टच्या भोकांतून. कठड्याचे खांब, विंच, डोलकाठीच्या पायाशी बसवलेल्या कप्प्या, जिथे जिथे सीलंट सुकून भेगाळलं आहे तिथून. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेक हात-हात अंतरावर ठोकत जा. सुक्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. भिजलेल्या जागी बद्द येतो. पायाखाली डेक किंचित दबत असेल, किंवा बोल्ट सोडवल्यावर भोकातून तपकिरी पाणी झिरपत असेल, तर आणखी पुरावा शोधायला नको. ओलावामापक यंत्र असेल तर वापरा, पण धातूच्या फिटिंगजवळ ते उगाच जास्त दाखवतं.

दुसरी शंका बोट बुडू नये म्हणून बाकांखाली भरलेल्या फोमची. हा फोम पाणी धरत नाही असं समजलं जातं, पण वर्षानुवर्षं ओल्या तळाशी बसलेला फोम धरतो. एक घनमीटर फोमने आकारमानाच्या दहा टक्के पाणी धरलं तरी ते १०० किलो झाले. बाकाला तपासणीचं झाकण बसवून फोमचा तळाकडचा तुकडा कापून काढा आणि पिळून बघा. वरचा तुकडा कोरडाच निघेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

तिसरी शंका ट्रेलरची. चौकोनी नळीची चौकट रॅम्पवर बुडते तेव्हा आत पाणी शिरतं आणि टोकं बंद असतील तर बाहेर येत नाही. १०० गुणिले ५० मिलिमीटरची, चार मिलिमीटर जाडीची नळी चार मीटर लांब असली तर तिच्यात साडेपंधरा लिटर पाणी मावतं. अशा दोन नळ्या म्हणजे ३१ किलो, आणि आतून गंज लागतो तो वेगळाच. नळीच्या टोकाकडचं बूच काढून ट्रेलर पुढे-मागे कलवा. दांड्याच्या मधोमध किंवा ॲक्सलच्या जोडापाशी स्वतः भोक पाडायला जाऊ नका, तिथे सगळ्यात जास्त ताण असतो.

आधीच्या मालकाने तळफळीखाली शिशाच्या विटा किंवा लोखंडाचे तुकडे ठेवले असण्याची शक्यताही असते, विशेषतः बोट पूर्वी स्पर्धेत धावलेली असेल तर. फळ्या उचलून कोपऱ्यापर्यंत हात घाला. कीलच्या पेटीत (कील वर ओढली की बसते त्या खोबणीत) साचलेला गाळ आणि शिंपले हेही दुर्लक्ष करण्याइतके हलके नसतात.

हे सगळं झाल्यावर बोट झाकून, झडपा-झाकणं उघडी ठेवून, कोरड्या हवेत काही आठवडे ठेवा आणि त्याच काट्यावर, त्याच सामानासह पुन्हा तोला. वजन घसरलं तर पाणी होतं. नाही घसरलं तर एकतर ते गाभ्यात कोंडलेलं आहे, किंवा बोट मुळातच तेवढी जड आहे. मग ट्रेलर त्या आकड्यावरून निवडायचा, पत्रकावरून नाही.

प्रश्न: बोट घेतली आहे, पण ती पाण्यातच नांगरलेली आहे आणि ट्रेलर अजून घ्यायचा आहे. वजन कळल्याशिवाय ट्रेलर कसा घेऊ, आणि ट्रेलरशिवाय वजन कसं करू?

उत्तर: क्रेनने उचलायची सोय असेल तर क्रेनच्या हुकात लटकवायचा काटा मागून घ्या. पट्टे आणि साखळ्या आधी रिकाम्या तोला, बोट उचलल्यावर ती डोलायची थांबेपर्यंत आकडा वाचू नका. मोठ्या बोटी उचलणाऱ्या यंत्रांवर तेलाच्या दाबावरून वजन दाखवणारे मापक असतात, ते लहान बोटीसाठी फार ढोबळ आहेत.

क्रेन नसेल तर पाण्यालाच विचारा. पाण्याच्या रेषेवर बोटीची लांबी आणि रुंदी मोजा, गुणाकार करून त्याला ०.६७ ने गुणा. शिडाच्या बोटीच्या दोन्ही टोकांना निमुळत्या आकारासाठी हा गुणक ढोबळपणे बसतो. ५.२ मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद असेल तर सुमारे ६.६ चौरस मीटर. एवढ्या क्षेत्राला एक सेंटिमीटर खाली जायला गोड्या पाण्यात ६६ किलो लागतात, समुद्रात ६८. आता आराखड्यातली पाण्याची रेषा आणि प्रत्यक्षातली रेषा यांतला फरक पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना मोजून सरासरी काढा. बोट चार सेंटिमीटर खाली बसली असेल तर समुद्रात ती आराखड्यापेक्षा सुमारे २७० किलोंनी जड आहे. रंगवलेल्या पट्ट्यावरून मोजू नका. मालक बोट जड झाली की पट्टा वर सरकवून रंगवतात.

या पद्धतीने अंदाज मिळतो, ट्रेलर निवडण्यापुरता. ट्रेलर आल्यावर काट्यावर जायचंच आहे.

प्रश्न: काट्यावर एकूण १,२२० किलो आले, ॲक्सलवर १,१४०. ट्रेलरच्या पाटीवर कमाल वजन १,३०० आहे. मग सगळं ठीक ना?

उत्तर: ट्रेलरची पाटी ठीक आहे, टायर बघितले का? टायरच्या बाजूवर मापानंतर भाराचा अंक असतो. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ९१ म्हणजे ६१५, १०४ म्हणजे ९००. १,१४० किलो दोन चाकांवर सारखे वाटले तर ५७० प्रत्येकी. ८४ अंकाचे टायर इथे कमी पडतात, पाटी काहीही सांगो. ९१ चे पुरतात, पण सवड ४५ किलोंची आहे, आणि बोट ट्रेलरवर मधोमध नसली किंवा बॅटरी, पाणी, इंधन सगळं एकाच बाजूला असलं तर ती संपते. एकेक चाक काट्यावर घेऊन दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. अंकासोबत दिलेला हवेचा दाबही हवा. कमी हवेचा टायर तेवढा भार पेलत नाही, तापतो आणि फुटतो. टायरवरच्या तारखेचे शेवटचे चार आकडेही पाहा, '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बोटीच्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने कडक होऊन भेगाळतात, त्यामुळे नक्षी खोल दिसते म्हणून ते चांगले असं नसतं.

गाडीच्या बाजूने चार मर्यादा तपासा: ओढायचं वजन (ब्रेकच्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरला वेगवेगळं असतं), गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, गाडीचं स्वतःचं भरलेलं कमाल वजन, आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा. शेवटची सहसा कुणी बघत नाही. दांड्याचे ८० किलो मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागे टेकतात, आणि गाडीच्या दोन ॲक्सलमध्ये २.६ मीटर अंतर असेल तर मागच्या ॲक्सलवर ८० नव्हे, ११४ किलो वाढतात. पुढचा ॲक्सल ३४ किलोंनी हलका होतो. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकी भरलेली असेल तर हीच मर्यादा सगळ्यांत आधी ओलांडली जाते, ओढायची मर्यादा शाबूत असतानाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला या ३४ किलोंचा त्रास रॅम्पवर जाणवतो. आठास एक चढणीवर १,२२० किलोचा ट्रेलर सुमारे १५० किलोंच्या जोराने मागे खेचतो, १,७२० किलोची गाडी स्वतःच्या वजनाने आणखी २१५, आणि बोटीतून, ट्रेलरमधून पाणी निथळेपर्यंत त्यात भर पडत राहते. ओल्या, शेवाळलेल्या रॅम्पवर हलकी झालेली पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. पाण्याबाहेर ओढण्याआधी डिकीतलं सामान पुढे घ्या, मागच्यांना उतरवा, आणि बोट पाण्यात असतानाच कीलच्या पेटीतलं आणि तळातलं पाणी उपसून टाका.